सुडो तुमची व्हेरिएबल का टाकून देतो?

टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता एका व्हेरिएबलात घालून एक्स्पोर्ट केला. कर्लने लगेच पान आणून दिलं. त्याच खिडकीत ‘सुडो ॲप्ट अपडेट’ म्हटलं, तर जोडणीच होईना. (सुडो पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावाने चालवतो; ॲप्ट सॉफ्टवेअर बसवतो.) नवी मुलं हमखास इथे अडकतात आणि सुडोत बग आहे म्हणतात. बग नाही. सुडो तुमचं व्हेरिएबल मुद्दाम टाकून देतो, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं.

युनिक्समध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करताना ‘नाव=किंमत’ अशा ओळींची, म्हणजे याच व्हेरिएबलांची, शिदोरी बरोबर देतो. १९७९च्या सातव्या आवृत्तीपासूनची ही रीत. पण शिदोरी बांधतो कोण? आज्ञा देणारा. एलडी_प्रीलोड या व्हेरिएबलात मी माझ्या लायब्ररीचं (तयार फंक्शनांच्या संचाचं) नाव लिहिलं, तर लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा, ती इतर लायब्रऱ्यांच्या आधी चढवतो आणि मूळच्या ‘ओपन’ फंक्शनच्या जागी माझं फंक्शन बसतं. रूटच्या प्रोग्रॅममध्ये हे घडलं, तर माझा कोड रूट म्हणून चालला!

म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पहारा ठेवतो. चालवणाऱ्याची खरी ओळख आणि प्रोग्रॅमला मिळालेली प्रभावी ओळख वेगळी असेल, तर तो लोडरला ‘एटी_सिक्युअर’ ही खूण देतो. खूण दिसली, की लोडर असली व्हेरिएबल काढून टाकतो. सुडो सेट-युआयडी (कोणीही चालवला तरी मालकाच्या, इथे रूटच्या, ओळखीने चालणारा) असल्यामुळे त्याला ही खूण मिळते, म्हणून त्याची पहिली ओळ चालायच्या आधीच एलडी_प्रीलोड गेलेलं असतं.

पण पुढे सुडो दोन्ही ओळखी रूटच्या करून ॲप्ट सुरू करतो. ओळखी जुळल्या, त्यामुळे खूण नाही आणि पहाराही नाही. शिवाय पायथन आणि पर्ल या भाषांना लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारी पायथनपाथ, पर्ल५लिब ही नावं लोडरला ठाऊकच नसतात. ती गाळायची कोणी? सुडोनेच. घातक नावांची यादी कधीच पुरी होत नाही, म्हणून मोजकी ठेवून बाकी सगळी टाकायची, हा त्याचा नेहमीचा नियम.

‘सुडोला मोठा ई (-E) जोडा, सगळं चालतं’ हा सल्ला ताईत बांधल्यासारखा सर्रास दिला जातो. त्याने जवळजवळ अख्खी शिदोरी रूटच्या हाती जाते. त्यापेक्षा ‘--प्रिझर्व्ह-एन्व्ह=’ पुढे हवं तेवढंच नाव लिहा. कायमचं हवं असेल, तर सुडोअर्स या सुडोच्या नियमांच्या फाइलमधल्या ‘एन्व्ह_कीप’ यादीत घाला; ती फाइल व्हिसुडो या आज्ञेनेच बदला.

आणि काय उरलं ते ‘सुडो एन्व्ह’ने तपासा, ‘सुडो एको’ने नको. तिथे डॉलरचं चिन्ह लावलेलं नाव तुमचं शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, सुडो सुरू व्हायच्या आधीच उलगडतं, त्यामुळे सुडोने टाकून दिलेली किंमतही पडद्यावर दिसते.