रॉबिनची कोणती रेकॉर्ड घ्यावी?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या दुकानात नव्या-जुन्या एलपी आणि सीडी मिळतात. काही कलाकारांबद्दल इतक्या वेळा विचारणा होते की काउंटरवर उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. स्वीडनची गायिका आणि गीतकार रॉबिन त्यांतलीच एक. तिच्या एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या निघाल्या आहेत आणि बऱ्याच जणांच्या हाती नको ती पडते. म्हणून हे पत्रक.

आधी नावाचा घोळ. 'शो मी लव्ह' नावाची दोन वेगवेगळी गाणी आहेत. एक नव्वदीच्या सुरुवातीचं अमेरिकन हाउस संगीतातलं, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीतातलं, रॉबिन एस. या गायिकेचं. दुसरं आपल्या स्वीडिश रॉबिनचं. इंग्रजीत एकीच्या नावात आय आहे, दुसरीच्या नावात वाय. देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखीच. फोनवर गाणं मागताना 'स्वीडनची' एवढं सांगितलंत तरी पुरे.

तिचं पूर्ण नाव रॉबिन मिरियम कार्लसन, जन्म स्टॉकहोमचा, १२ जून १९७९. आईवडिलांची स्वतःची नाटक मंडळी होती. त्यामुळे लहानपण दौऱ्यांमध्ये आणि रंगमंचाच्या आसपास गेलं. पुढे आईवडील वेगळे झाले. त्यावर तिने शाळकरी वयातच एक गाणं रचलं. शाळेत संगीताच्या कार्यशाळेसाठी आलेल्या मेया या गायिकेने ते ऐकलं आणि तिथूनच रेकॉर्ड कंपनीचा रस्ता उघडला. पहिल्या कराराच्या वेळी ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती.

पहिला अल्बम 'रॉबिन इज हिअर' स्वीडनमध्ये १९९५ साली आला आणि अमेरिकेत १९९७ साली. त्यातली 'डू यू नो' आणि 'शो मी लव्ह' ही दोन गाणी स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओतल्या डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन या निर्मात्यांसोबत झाली. लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत दोन्ही सातव्या क्रमांकापर्यंत गेली. हाच मॅक्स मार्टिन १९९८ साली ब्रिटनी स्पिअर्सच्या पहिल्या गाण्यामुळे जगभर गाजला. त्या घडणीच्या पॉपची चाहूल रॉबिनच्या या गाण्यांमध्ये आधीच लागते. संग्रहासाठी हा अल्बम जरूर घ्या. पण रॉबिनची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात इथून करू नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. इथे आवाज तिचाच आहे, पण गाण्याची चौकट दुसऱ्यांनी ठरवलेली आहे.

चौकट मोडायची तिची धडपड दुसऱ्याच अल्बममध्ये दिसते. १९९९ साली आलेल्या 'माय ट्रुथ'मध्ये तिने स्वतःच्या गर्भपाताच्या अनुभवावर गाणी लिहिली. वय होतं वीसच्या आत-बाहेर. अमेरिकन कंपनीला ती गाणी नको होती. तिने ती बदलायला नकार दिला आणि अल्बम अमेरिकेत आलाच नाही. त्या बाजारात नुकतीच दोन गाणी गाजलेली असताना घेतलेला हा निर्णय होता. आम्हाला तिच्याबद्दल जो आदर वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

२००२ सालच्या 'डोन्ट स्टॉप द म्युझिक' या अल्बममध्ये घाईने ऐकण्यासारखं काही नाही.

खरा फाटा फुटला तो त्यानंतर. स्वीडनच्या 'द नाइफ' या भावाबहिणीच्या जोडीबरोबर तिने 'हूज दॅट गर्ल' हे गाणं केलं. कंपनीला ते पसंत पडलं नाही. या जोडीचं स्वतःचं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, होती, आपलं संगीत ते स्वतःच काढत. रॉबिनने तेच केलं. करारातून बाहेर पडून तिने २००५ साली 'कोनिचिवा रेकॉर्ड्स' हे लेबल सुरू केलं आणि त्यावरच्या पहिल्या अल्बमला स्वतःचंच नाव दिलं: 'रॉबिन'. क्लास ओलुंड हा संगीतकार तेव्हापासून तिच्यासोबत आहे.

इथे खरेदी करणाऱ्यांनी लक्ष द्यावं. 'रॉबिन' अल्बमच्या दोन मुख्य आवृत्त्या आहेत, २००५ची स्वीडिश आणि २००७पासूनची आंतरराष्ट्रीय. क्लीअरप या संगीतकाराबरोबरचं 'विथ एव्हरी हार्टबीट' हे गाणं मूळ स्वीडिश आवृत्तीत नाही, कारण ते नंतर झालं. ऑगस्ट २००७ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, तेही तिच्या स्वतःच्या लेबलच्या जोरावर. बहुतेक लोक याच गाण्यासाठी अल्बम मागतात. म्हणून मागणी नोंदवताना आम्ही विचारतो, 'कोणत्या सालची?' तेव्हा कृपया वैतागू नका.

आता 'बॉडी टॉक' हा अल्बम. सगळ्यात जास्त प्रश्न याचेच.

२०१० साली तिने ठरवलं की गाणी साठवून दोन-तीन वर्षांनी एक मोठा अल्बम काढायचा नाही, जशी तयार होतील तशी द्यायची. पहिला भाग जूनमध्ये आला, दुसरा सप्टेंबरमध्ये. दोन्हींत आठ-आठ गाणी. नोव्हेंबरमध्ये नुसता 'बॉडी टॉक' या नावाने पंधरा गाण्यांचा पूर्ण अल्बम आला. त्यात पहिल्या भागातली पाच, दुसऱ्यातली पाच आणि नवी पाच. ही नवी पाच 'भाग तीन' म्हणून वेगळीही निघाली. म्हणजे पूर्ण अल्बम घेतला तरी पहिल्या दोन भागांतली तीन-तीन गाणी राहतातच. पहिल्या भागाच्या शेवटी तिने 'याग वेट एन डेइलिग रोसा' हे जुनं स्वीडिश लोकगीत गायलं आहे. यंत्रांच्या ठेक्यावरच्या गाण्यांनंतर शेवटी हे शांत, मातृभाषेतलं गाणं येतं. पूर्ण अल्बममध्ये ते नाही. फक्त त्या एका गाण्यासाठी पहिला भाग वेगळा घ्यावा, असं आमचं मत आहे.

'डान्सिंग ऑन माय ओन' मात्र दोन्हीकडे आहे. हे गाणं तिने पॅट्रिक बर्गर या संगीतकारासोबत लिहिलं. क्लबमधल्या एका कोपऱ्यात उभी राहून ती आपल्या माणसाला दुसऱ्या मुलीबरोबर पाहते आणि एकटीच नाचत राहते. बस, एवढाच प्रसंग. विरहाचं गाणं म्हटलं की आपल्या कानाला संथ लय, लांबवलेला स्वर अपेक्षित असतो. इथे सिंथेसायझरचा खालचा ठोका पहिल्या क्षणापासून धडधडत सुटतो आणि थांबायचं नाव घेत नाही. आवाज मात्र रडवेला होत नाही, दात-ओठ आवळून सरळ पुढे जातो. दुःख आहे ते या दोन्हींच्या मधल्या जागेत. स्वीडनमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं. २०१६ साली कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकाने हेच गाणं संथ करून, पियानोवर गायलं आणि ते ब्रिटनमध्ये मूळ गाण्याहूनही वर, दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. अनेकांनी फक्त तेच ऐकलेलं असतं. त्यांना आम्ही हेडफोन देऊन मूळ गाणं ऐकवतो. ठोका काढून घेतला की नाच जातो, आणि नाच गेला की त्या मुलीची जिद्दही जाते, असं आम्हाला वाटतं. तुम्ही दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

'बॉडी टॉक'नंतर तिचा स्वतःचा पुढचा अल्बम यायला आठ वर्षं लागली. मधल्या काळात जोडीदाराशी ताटातूट झाली आणि तिचा जुना मित्र व सहकारी संगीतकार क्रिस्टियन फाल्क २०१४ साली गेला. त्याच्यासोबत सुरू केलेलं काम 'लव्ह इज फ्री' म्हणून २०१५ मध्ये तिने पुरं केलं. स्वतःच्या गाण्यांकडे ती वळली ती वेगळ्या वाटेने. सॉफ्टवेअर शिकून ठेके आणि ध्वनी एकटीने बांधायला बसली. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'हनी' आला. नऊच गाणी. 'मिसिंग यू'पासून सुरुवात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या रिकाम्या जागेपासून, आणि हळूहळू ऊब वाढत जाते. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर तिथे ऐकूच येत नाहीत, आणि या अल्बमचा जीव तिथेच आहे.

गाण्यापलीकडची एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१३ साली तिला आपला मोठा पुरस्कार दिला. त्यातून तिने 'टेक्ला' नावाचा महोत्सव उभा केला. ११ ते १८ वर्षांच्या मुलींना तंत्रज्ञान स्वतः हाताळून बघता यावं, हा त्याचा हेतू होता. ज्या मुलीच्या गाण्यांचे निर्णय सुरुवातीला इतरांनी घेतले, तिने हे केलं याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पंधरा गाण्यांचा पूर्ण 'बॉडी टॉक' घ्यावा, मग 'हनी', मग २००७चा 'रॉबिन'. घरी लहान मुलं असतील तर एक सूचना: 'बॉडी टॉक'मधल्या एका गाण्याच्या नावातच शिवी आहे, ते आधी स्वतः ऐकून घ्या. सेकंडहँड प्रत घेताना दुकानातच तिरप्या उजेडात दोन्ही बाजू बघा आणि निदान एक गाणं पूर्ण लावून घ्या. टर्नटेबल काउंटरच्या डावीकडे आहे, सुई आम्ही ठेवून देऊ.