वितळणाऱ्या पुराव्याचा पंचनामा: मराठवाड्यातील गारपिटीची पार्श्वभूमी

भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन धडकतात, तेव्हा काश्मीर, लाहौल आणि लडाख बर्फाखाली जातात. तिथल्या माणसांनी आपले वर्षच या बर्फाभोवती बेतलेले आहे. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’ नावाचे चाळीस दिवस सुरू होतात; त्याआधीच भाज्या वाळवून ठेवलेल्या असतात, कोळसा आणि सरपण भरलेले असते, आणि पुढे घाटातले रस्ते मोकळे करायला १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना आपली यंत्रे घेऊन उभी असते. याच झंझावातांचा प्रभाव कधी कधी दख्खनपर्यंत उतरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याच्या शिवारावर गारा पडतात. आपल्या वाट्याला येणारा बर्फ एवढाच. मात्र हिमालयातला बर्फ ठरल्या ऋतूत येतो आणि महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर राहतो, तर गार पाच-पंधरा मिनिटांत शेत झोडपून जाते आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत तिचा मागमूसही उरत नाही. मराठवाड्यातील समाजाने आणि सरकारने गारपिटीला जे उत्तर दिले, त्याचा सारा इतिहास या एका फरकाने घडवला आहे.

गार तयार होते ती पंधरा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढणाऱ्या गडगडाटी ढगांत. फेब्रुवारीनंतर मराठवाड्याची काळी जमीन भराभर तापू लागते, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प येते, वर मात्र उत्तरेकडून आलेली कोरडी, थंड हवा असते. खालची हवा जोराने वर उसळते, पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या, म्हणजे जिथे पाणी गोठू लागते त्या उंचीच्या, वर नेले जातात, गोठतात, आणि वर चढणारा झोत जितका बळकट तितका वेळ ते ढगातच राहून एकावर एक थर घेत मोठे होतात. झोताला पेलवेनासे झाले की कोसळतात. भर पावसाळ्यात हवेतील गोठणपातळी बरीच उंच गेलेली असते आणि गार खाली येईस्तोवर विरघळते. म्हणून गारपीट हा मुख्यतः सुगीच्या दिवसांचा शत्रू ठरला. ढगाचा हा गाभा अरुंद असतो, त्यामुळे गारांचा पट्टाही अरुंदच पडतो. एका बांधाच्या अलीकडे शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, ताट मोडून भुईसपाट आणि पलीकडे पीक उभे, हे दृश्य इथल्या प्रत्येक जाणत्या माणसाने पाहिलेले आहे.

त्या दिवसांत शेतात काय असते, हे लक्षात घेतल्याशिवाय नुकसानीचा अर्थ कळत नाही. रब्बी ज्वारी हुरड्यातून पक्व दाण्याकडे गेलेली असते, हरभरा काढणीला आलेला असतो किंवा काढून ढीग मारलेला असतो, गहू ओंबीत असतो, करडई वाळत असते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागातल्या मोसंबीवर आंबेबहाराची कोवळी फळे धरलेली असतात, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात, आणि द्राक्षाचे घड तोडणीच्या बेतात असतात. खरिपात पेरणी बुडाली तर दुबार पेरणीची आशा असते. रब्बीच्या शेवटी तीही नसते, कारण बियाणे, खत, मजुरी आणि पाणी असा सगळा खर्च तोवर होऊन गेलेला असतो.

जुन्या गावगाड्याला या संकटाची जाण चांगलीच होती. गारा अडवणे हेच ज्याचे काम, असा ‘गारपगारी’ नावाचा मनुष्य विदर्भात आणि आसपासच्या मराठी मुलखात गावाच्या सेवेत असे. नाथपंथाशी नाते सांगणाऱ्या या लोकांची सविस्तर नोंद १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या वर्णनात आहे. आभाळ भरून आले की गारपगाऱ्याने मारुतीपुढे उभे राहून मंत्र म्हणायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि ढग गावाच्या शिवेबाहेर वळवायचे, अशी समजूत होती; त्याबदल्यात कुणबी त्याला खळ्यावर धान्य देत. मंत्राने ढग वळत नाहीत हे आज सांगायची गरज नाही. मला मात्र या व्यवस्थेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: गारपिटीचा धोका एकेका शेतकऱ्याचा नसून सबंध शिवाराचा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक खळ्यावरून थोडे थोडे धान्य बाजूला काढले पाहिजे, हे गावाने मान्य केले होते. आजच्या भाषेत तो हप्ताच होता. वर्षानुवर्षे अनुभव विपरीत येत गेला तसे लोकांनी धान्य देणे कमी केले आणि हे लोक शेतीकडे किंवा भिक्षेकडे वळले.

गारा पडून गेल्यावर मात्र गाव स्वतःच्या हातांवर अवलंबून असे. मराठवाड्यात आणि विदर्भात एकमेकांच्या शेतात मोबदला न घेता राबण्याच्या प्रथेला ‘इर्जिक’ म्हणतात; ज्याचे काम असेल त्याने जेवण घालायचे, बाकीच्यांनी बैल, औते आणि माणसे आणायची. आडवी झालेली ज्वारी लगेच काढली नाही तर दाणा काळा पडतो, मातीला टेकलेल्या कणसाला कोंब फुटतात आणि भिजलेला कडबा जनावरे तोंडात धरत नाहीत. अशा वेळी दोन दिवसांत जेवढे हाताला लागेल तेवढे वाचवायचे, तर एका घराचे मनुष्यबळ पुरत नाही. माळवदाच्या घरांनाही अशीच तातडी असे. सपाट मातीच्या धाब्यावर साचलेल्या गारा वितळण्याआधी फावड्याने खाली लोटाव्या लागत, नाहीतर ते पाणी हळूहळू मुरून किलचनापर्यंत, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांपर्यंत, पोहोचे. लडाखमधल्या सपाट मातीच्या छपरांवरचा बर्फही असाच ओढून खाली टाकावा लागतो. पुढे माळवदे जाऊन पत्रे आले, आणि मोठ्या गारांनी चाळण झालेले पत्रे ही नुकसानीची नवी बाब झाली.

सरकारी उत्तराची जडणघडण याच्या अगदी उलट दिशेने झाली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महसुली व्यवस्थेची भाषा बदलत गेली, तरी तिची नजर दुष्काळानेच घडवलेली राहिली. दुष्काळ सावकाश येतो, सगळीकडे येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून त्याचे मोजमाप गावनिहाय आणेवारीने, म्हणजे पुढच्या पैसेवारीने, पीक रुपयात किती आले या अंदाजाने झाले: सबंध गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, वर गेली की नाही. तगाई (शेतकऱ्याला दिलेले सरकारी कर्ज), सारामाफी आणि १९७२ च्या दुष्काळातली रोजगाराची कामे, हे सगळे याच चौकटीतले उपाय होते. गारपिटीला ही चौकट बसत नाही. वीस शेतकऱ्यांचे पीक पूर्ण गेलेले असते आणि गावातल्या उरलेल्या दोनशेंचे उभे असते. सरासरी काढली की ते वीस जण कागदावरून नाहीसे होतात. पीकविम्याचेही दीर्घकाळ असेच होते. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना आणि १९९९-२००० च्या रब्बीपासून आलेली राष्ट्रीय कृषी विमा योजना या दोन्ही क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर उभ्या होत्या. दुसरीत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पाहणीची सोय होती, पण केवळ प्रायोगिक स्वरूपात.

मग २०१४ आले. त्या वर्षी ३० जानेवारीला राज्य सरकारने अवेळी पाऊस, अतिवृष्टी आणि वीज पडणे यांना राज्याच्या पातळीवरील आपत्ती ठरवणारा शासन निर्णय काढला होता; गारपीट केंद्राच्या यादीत हिमस्खलन, पूर आणि भूकंप यांच्याबरोबर आधीपासूनच होती. महिनाही उलटला नाही तोच, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, राज्यातील २८ जिल्ह्यांत वारंवार अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पूर्वी गारपीट एका सायंकाळी येऊन जात असे. त्या वर्षी ती आठवडा सोडून आणि दिवस सोडून परत परत येत राहिली. जालना, बीड, लातूर, उस्मानाबाद, परभणी या जिल्ह्यांत शिवारेच्या शिवारे पांढरीशुभ्र झाली. गारांचे ढीग बांधाच्या कडेला रात्रभर तसेच पडून राहिले. झाडाखाली पक्ष्यांचा सडा पडला, उघड्यावरच्या शेळ्यामेंढ्या दगावल्या, मोसंबीच्या फांद्यांची साल सोलून निघाली. आधीची दोन वर्षे मराठवाड्याने पाण्यावाचून काढली होती आणि २०१३ चा पाऊस बरा झाल्यामुळे त्या रब्बीवर फार मोठी भिस्त होती. हातातोंडाशी आलेला घास जाणे म्हणजे काय, ते इथल्या घरांनी त्या तीन आठवड्यांत पाहिले.

अडचण तिथेच संपली नाही. ५ मार्च २०१४ रोजी लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली, त्यामुळे मदतीच्या घोषणेसाठी निवडणूक आयोगाची अनुमती लागली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ४,००० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले; कोरडवाहूसाठी हेक्टरी १०,०००, बागायतीसाठी १५,००० आणि फळबागांसाठी २५,००० रुपये असे दर ठरले. रक्कम लहान नव्हती. पण ती मिळण्यासाठी पंचनामा हवा होता, पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायक हवे होते, आणि एकेका तलाठ्याकडे अनेक गावे होती. ते शिवारात पोहोचेपर्यंत गारा कधीच वितळलेल्या असत, आणि पोटाला लागणारी ज्वारी शेतकऱ्याने जमेल तशी काढून घेतलेली असे. काढली तर नुकसान कमी दिसते, न काढली तर उरलेले सडते, हा पेच त्या महिन्यात हजारो घरांपुढे होता. शेतकऱ्याने पीक वाचवल्याची शिक्षा त्याला मदतीत व्हावी, हे मला तेव्हाही असह्य वाटले होते आणि आजही वाटते.

२०१४ नंतर नियम हळूहळू शेताच्या बांधाकडे सरकू लागले. पुढल्याच वर्षी उत्तर आणि मध्य भारतातील अवकाळी पावसानंतर, एप्रिल २०१५ मध्ये, मदतीसाठी लागणारी नुकसानीची किमान मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली; तिच्यात गारपीट, भूस्खलन आणि शेत जलमय होणे या स्थानिक आपत्तींत वैयक्तिक शेताची पाहणी करण्याची तरतूद आली. अट एवढीच की सुरुवातीला ४८ आणि पुढे ७२ तासांच्या आत कळवले पाहिजे. कागदावर तरी गारपिटीचे माप तासांत आणि शेतात घेतले जाऊ लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतात काय उभे होते याची छायाचित्रासह नोंद शेतकऱ्याला स्वतःच करता येऊ लागली, म्हणजे पुराव्याचा निम्मा भाग आपत्तीच्या आधीच तयार झाला.

तरीही माणसाची वाट पाहणे सुटले नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीने जालना आणि बीड जिल्ह्यांत पुन्हा तसाच तडाखा दिला. जालना जिल्ह्यात गारांच्या माराने माणसे दगावली. मार्च २०२३ मध्ये तर जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत राज्य कर्मचाऱ्यांचा संप होता आणि मराठवाड्यातली गारपीट नेमकी त्याच आठवड्यात झाली. कर्मचाऱ्यांची मागणी त्यांच्या जागी होती, पण शिवारात जायला कोणी नव्हते आणि गारांना थांबायला सांगता येत नव्हते.

पूर्वसूचनेत मात्र खरा फरक पडला आहे. हवामान विभागाचा इशारा आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी-हवामान सल्ला आता शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. गार नेमकी कोणत्या शिवारात पडेल हे दोन दिवस आधी सांगता येत नाही, पण काढलेला हरभरा ताडपत्रीखाली घ्यायला, जनावरे गोठ्यात बांधायला आणि मेंढपाळाने कळप पक्क्या आडोशाला न्यायला एवढी सूचना पुरते. बागांसाठी विद्यापीठे सांगतात तो उपाय साधा आहे: मोडलेल्या फांद्या आरीने नीट कापायच्या, जखमांना बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) लावायचा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचे, कारण गारेने सोललेल्या सालीतून बुरशी शिरते आणि झाड पुढची दोन-तीन वर्षे खंगत जाते. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गाररोधक जाळ्या सरकारी अनुदानातून पसरल्या आहेत. जालन्याच्या बीजोत्पादकांकडे शेडनेट आहे, काही द्राक्षबागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन आहे. पण पाच एकर शाळू पेरणाऱ्याला जाळीचा खर्च झेपणारा नाही आणि मराठवाड्यातले बहुसंख्य शेतकरी त्याच्यासारखेच आहेत.

त्याच्या हाती उरतो तो विमा आणि पंचनामा. यातल्या विम्याची दिशा २०२५ मध्ये पुन्हा बदलली. २०२३ च्या खरिपापासून चाललेली, शेतकऱ्याने एकच रुपया हप्ता भरायची योजना बंद झाली आणि राज्याने स्थानिक आपत्तीसह काही जोखमी योजनेतून वगळल्या. त्यानंतर भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळाच्या (अनेक गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर ठेवण्यात आली. खर्च वाढला होता, बनावट अर्जही सापडले होते, ही सरकारची कारणे खोटी नव्हती. परंतु मंडळाची सरासरी म्हणजे गावाच्या पैसेवारीचाच थोरला भाऊ होय, आणि गारांचा अरुंद पट्टा त्या सरासरीत पूर्वीसारखाच विरून जातो. काही फळपिकांना हवामानावर आधारित विम्यात जादा हप्ता भरून गारपिटीचे संरक्षण घेता येते; ज्वारी-हरभऱ्याला आपत्ती प्रतिसाद निधीचा, २०२५ मधील मूळ निकषांनुसार कोरडवाहूसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, एवढाच आधार राहिला. त्यासाठी तलाठी शिवारात यावा लागतो. म्हणून आता गारा थांबताच गावातली तरुण मुले आधी मोबाईल घेऊन शेताकडे धावतात, ढीग वितळण्याआधी त्याचे छायाचित्र काढतात, आणि मग आडव्या झालेल्या ज्वारीला विळा लावतात.