सगळीकडे खातं हवंच? मुळीच नाही

‘धंदा वाढवायचा तर प्रत्येक सोशल मीडियावर खातं हवंच’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. खातं फुकट उघडतं, पण ते जिवंत ठेवायला रोजचा वेळ जातो. सहा महिने ओस पडलेलं पान पाहून ग्राहकाला वाटतं, दुकानच बंद झालं की काय!

शिवाय पोस्ट टाकली की सगळ्या फॉलोअर्सना दिसते, हे गृहीतकही कच्चं आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनेच जाहीर केलं, की मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल आणि व्यवसायांच्या पानांची पोहोच घटू शकेल.

प्रत्येक ठिकाणचा स्वभावही निराळा. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत फीडमधून जाते. पिंटरेस्टवरचं चित्र मात्र लोकांना महिन्यांनंतरही शोधात सापडतं. लिंक्डइनवर माणसं हुद्द्यासकट येतात, म्हणून कंपन्यांना सेवा विकणाऱ्याला ते सोयीचं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने तिथे कशाला घाम गाळावा?

आणि गूगल प्लस आठवतंय? एप्रिल २०१९ मध्ये ते सर्वसामान्यांसाठी बंद झालं. तिथे जमवलेले फॉलोअर्सही गेले.

म्हणून आधी सध्याच्या दहा-बारा ग्राहकांना विचारा, तुम्ही फोनवर कुठे रेंगाळता? उत्तर बहुधा एक-दोन नावांतच आटोपेल.