ट्रेमोलो ब्लॉक (इलेक्ट्रिक गिटार)

ट्रेमोलो ब्लॉक म्हणजे स्ट्रॅट टाइप (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या) इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या, पत्र्याखाली तीन स्क्रूंनी आवळलेला धातूचा ठोकळा. वरून तो दिसत नाही, गिटारच्या पाठीवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की स्प्रिंगा ज्याला अडकवलेल्या असतात तोच हा. सहाही तारा याच्यातून वर येतात, त्यांचे बॉल एंड (तारेच्या टोकाचे धातूचे मणी) याच्यातच अडकतात आणि ट्रेम आर्म, म्हणजे सूर खालीवर डोलवायची दांडी, तोही याच्याच आट्यांत बसतो. स्वस्त गिटारीतला मूळ ब्लॉक काढून चांगल्या धातूचा, भरीव ब्लॉक बसवायचा म्हणजे सस्टेन (सूर टिकून राहण्याचा वेळ) वाढतो आणि टोन मोकळा होतो, हा बऱ्यापैकी जुना आणि खरोखर उपयोगी बदल आहे, पण मापं न घेता केला तर पैसे वाया जातात.

ब्रिज हलवून सूर डोलवायची ही ट्रेमोलो यंत्रणा फेंडर कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टरबरोबर आणली आणि 1956 मध्ये लिओ फेंडर यांना तिचं पेटंट मिळालं. सुरुवातीचे ब्लॉक कोल्ड रोल्ड स्टीलचे होते, मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डाय कास्ट जस्ताच्या मिश्रधातूचे यायला लागले कारण साच्यात ओतलं की मशीनवरचं बरंच काम वाचतं. आज बजेट गिटारीत बहुतेक तसलेच ओतीव ब्लॉक असतात, आणि जुन्या धाटणीचे स्टीलचे ब्लॉक वेगळे विकत मिळतात.

फरक का पडतो ते असं. तार छेडली की तिची ऊर्जा दोन्ही टोकांकडे जाते, दोरी भक्कम खांबाला बांधून हलवली तर लाट परत येते पण दुसरं टोक कुणी सैल हातात धरलं असेल तर तो हातच ती खाऊन टाकतो, तसंच ब्रिजचं टोक हलकं नि ढिलं असेल तर तारेची ऊर्जा तिथेच मुरते. आता वजनाचं बघा, घन सेंटिमीटरला जस्ताचा मिश्रधातू साधारण 6.6 ग्रॅम, स्टील 7.8, पितळ 8.5 आणि टायटॅनियम फक्त 4.5 ग्रॅम. म्हणजे जस्त आणि स्टीलमध्ये लोक सांगतात तेवढं अंतर वजनात नाही, खरं अंतर मापात आहे, कारण स्वस्त गिटारीतला ब्लॉक बऱ्याचदा बारीक आणि आखूड असतो. त्यात ओतकामात हवेची छिद्रं राहिलेली असू शकतात, आणि पत्रा व ब्लॉकच्या मधे रंगाचा थर असतो, त्यामुळे दोन धातू एकमेकांना नीट भिडतच नाहीत. स्टीलचा आवाज टोकदार आणि पितळेचा जरा गोल असं वाजवणारे सांगतात, ते कानाचं मत आहे, पण भरीव ब्लॉक घट्ट बसला की खालच्या तारा स्पष्ट होतात हे बऱ्याच जणांना जाणवतं.

घ्यायच्या आधी व्हर्निअरने मोजायचंच. पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ब्रिजवर 52.5 मिमी पण असतं आणि 56 पण, त्याच्यात तीन स्क्रूंच्या भोकांची जागा बदलते. ब्लॉकची उंची जाड बॉडीत 42 मिमीच्या आसपास चालते, पातळ बॉडीत 36 च्या वर गेलं की मागून बाहेर डोकावतो आणि झाकण बसत नाही. आर्मचे आटे काही ठिकाणी इंची मापाचे 10-32, काही ठिकाणी मेट्रिक एम 5 किंवा एम 6, ते जुळले नाहीत तर जुना आर्म गेला.

बदलणं अवघड नाही. तारा सैल करून काढा, मग स्प्रिंगा पकडीने एकेक सोडवा, त्या जोरात सुटतात म्हणून तोंड जवळ नेऊ नका, आणि क्लॉला (स्प्रिंगांचं दुसरं टोक अडकतं त्या पट्टीला) डाकलेली अर्थची वायर तुटणार नाही हे बघा, तुटली तर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही. पत्र्याचा खालचा रंग खरडून स्वच्छ करायचा, तीन स्क्रू समान आवळायचे, तारा चढवल्यावर क्लॉचे स्क्रू पुढेमागे करून ब्रिज सरळ आणायचा आणि इंटोनेशन (मानेवर वरपर्यंत सूर बरोबर लागतो का ते) परत बघायचं. एक गोष्ट मात्र नक्की करा, आधी नवीन तारा चढवून जुन्या ब्लॉकवर रेकॉर्ड करा, मग ब्लॉक बदलून त्याच गेजच्या (जाडीच्या) नवीन तारांवर, त्याच अँप सेटिंगला परत रेकॉर्ड करा, कारण नवीन तारा स्वतःच चकचकीत वाजतात आणि श्रेय ब्लॉकला जातं.

गोव्यात प्रश्न आणखी एक आहे, हवा. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, वर कळंगुट, बागा, हणजुण या पट्ट्यात समुद्राचं खारं वारं, त्यात लग्नाचा नाहीतर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आटपून घामाची गिटार तशीच केसमध्ये. उघड्या स्टीलवर गंज धरतो आणि आर्मचे आटे सगळ्यात आधी जातात, पितळ काळपट-हिरवं पडतं पण आतून टिकतं, म्हणून किनाऱ्यावर वाजवणाऱ्याला मी पितळ किंवा चांगला मुलामा दिलेलं स्टीलच सुचवेन. डिचोलीच्या पितळी समयांची परंपरा बघून तिथून ब्लॉक ओतून घ्यावा असं कुणालाही वाटेल, पण समईच्या ओतीव पितळेपेक्षा ओढीव पितळेची भरीव पट्टी घेऊन कुंडई नाहीतर वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिलिंगवाल्याकडून भोकं आणि आटे पाडून घेतलेले बरे, भोकं सरळ आली पाहिजेत नाहीतर तार आतल्या कडेला घासून तुटते. आट्यांना शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरतं, खोबरेल नको, ते चिकट होतं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि पावसाळ्यात मागचं झाकण महिन्यातून एकदा उघडून स्प्रिंगांवर लाल डाग दिसतात का ते बघायचं, दिसले तर स्प्रिंगा आधी बदला, ब्लॉक नंतर.