आवाज कुठून येतो ते चाकाची फेरी सांगते

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून जे उंच टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या पोडियम पार्किंगला बहुतेक ठिकाणी गोल रॅम्प असतो. फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या चाकांचे सांधे तपासायला यासारखी जागा नाही. स्टिअरिंगचा जवळजवळ फुल कट, चढामुळे इंजिनावर जोर, वेग माणसाच्या चालीएवढा आणि दोन्ही बाजूंना आवाज परत फेकणाऱ्या काँक्रीटच्या भिंती. गायमुखच्या घाटात ट्रकांच्या गोंगाटात जी टकटक महिनाभर कानावर पडली नसेल, ती इथे काच खाली केली की स्वच्छ ऐकू येते.

पण ती ऐकू आली म्हणजे काय बिघडलंय ते कळलं असं होत नाही. शिडीसारख्या पोलादी चासीवर बांधलेल्या गाडीत आवाज लोखंडातून पळतो आणि सीटखाली कुठेतरी उमटतो. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा) आवाज पुढून येतोय असं ड्रायव्हर शपथेवर सांगतो. मग गॅरेजात अंदाजाने क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) बदलला जातो, नंतर बेअरिंग, नंतर अख्खा अ‍ॅक्सल, आणि आवाज जिथल्या तिथेच. माझं म्हणणं असं की कानाने दिशा शोधण्याच्या फंदात फार पडू नये. आवाज कशाबरोबर बदलतो हे आधी पाहावं: चाकाच्या फेरीबरोबर, प्रोपेलर शाफ्टच्या फेरीबरोबर, स्टिअरिंग वळवल्यावर, की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवल्या-काढल्यावर. एवढ्यावर बहुतेक वेळा दोषी भाग हाताशी येतो.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. 235/70 आर 16 मापाच्या टायरचा घेर साधारण 2.31 मीटर. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 7 फेऱ्या मारतं. डिफ्रेन्शियलमध्ये, म्हणजे शाफ्टचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गियरच्या गोळ्यात, शाफ्टकडच्या लहान चक्राला (पिनिअनला) 10 आणि मोठ्या चक्राला (क्राउनला) 41 दात असतील, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच्या 4.1 पट, म्हणजे सेकंदाला साधारण 29 ते 30 फेऱ्या फिरतो. इतक्या वेगात कानाला मोजता येत नाही, म्हणून वेग ताशी 10 वर आणायचा. आता चाक सेकंदाला सव्वा फेरी मारतंय आणि शाफ्ट जवळपास पाच. टकटक सावकाश, चाकाच्या फेरीला धरून येत असेल तर ती चाकाकडच्या भागाची: सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला वळतानाही फिरवणारा सांधा), बेअरिंग, ब्रेक डिस्क, नाहीतर टायरमध्ये रुतलेला खडा. चौपट-पाचपट घाईने येत असेल तर ती शाफ्टवरची. बाजूला एखाद्याला चालत नेऊन चाकाच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवायला सांगितलं की मोजणं आणखी सोपं. हे सोसायटीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर करावं, रहदारीत नाही.

पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं. साधा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, इथे अपुरा पडतो. 16व्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं आणि 17व्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं नाव या सांध्याशी जोडलं जातं. त्याची एक जन्मजात खोड आहे. वाकलेल्या अवस्थेत येणारा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी जाणारा शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. 10 अंशांच्या वाकात हा फरक दीड टक्क्याचा, पण 30 अंशांत चाक कधी 13 टक्के सावकाश तर कधी 15 टक्के जलद फिरेल. तसं झालं तर वळणावर स्टिअरिंग हातात धक्के मारेल. म्हणून पुढे सीव्ही जॉइंट लागतो, ज्यात दोन्ही बाजूंचा वेग कुठल्याही क्षणी सारखाच राहतो. आज सर्वाधिक दिसणारी त्याची रचना फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड झेपा यांनी 1920च्या दशकात काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलात जे सांधे बसवत, त्यांत तीही होती.

हा सांधा उघडा पाहिला तर त्याची टकटक का येते ते लगेच समजतं. बाहेरच्या वाटीत आतून सहा खाचा, आतल्या गाभ्यावर तशाच सहा, मध्ये सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना एका पातळीत धरणारा पिंजरा. गाडी सरळ चालत असताना गोळ्या खाचेत जवळपास एकाच जागी बसून जोर पोचवतात. वर्षानुवर्षं तीच जागा दाबली जाऊन तिथे उथळ खळगा पडतो. सरळ जाताना गोळी त्या खळग्यातच असते, म्हणून आवाज नाही. वळताना मात्र प्रत्येक फेरीत प्रत्येक गोळीला खाचेतून पुढे-मागे सरकावं लागतं, आणि जोर असताना खळग्याची कड ओलांडली की टक. फुल कटला गोळ्या सगळ्यात जास्त सरकतात, चढावर जोर वाढतो. रॅम्पवर हे दोन्ही एकत्र येतं. उजवीकडे आणि डावीकडे असं दोन्ही बाजूंना वळून पाहावं, सोबतच्या माणसाला बाहेर उभं करावं. आवाज कुठल्या चाकाशी आहे हे आत बसून फसतं, बाहेरून सहसा फसत नाही.

टकटक सुरू होण्याच्या कितीतरी आधी सांधा सूचना देत असतो, आणि ती डोळ्यांनी दिसते. चाक पूर्ण वळवा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या, म्हणजे बूटच्या, घडीत चीर असेल तर फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या हातावर, कधी ब्रेकच्या नळीवरही काळ्या ग्रीसची आडवी पट्टी उमटते. फाट नवी असेल तर पट्टी ओली, चकचकीत असते, जुनी असेल तर तिच्यावर धूळ बसून ती मळकट झालेली असते. ओल्या पट्टीची गाडी बहुधा वाचते: सांधा धुऊन, ताजं ग्रीस भरून नुसता बूट बदलला की पुढे कैक वर्षं चालतो. मळकट पट्टी असेल आणि मध्ये एखादा पावसाळा गेला असेल, तर तुंबलेल्या रस्त्यांवरचं पाणी आणि बारीक वाळू आत जाऊन खाचा घासल्या गेलेल्या असतात. म्हणून जूनच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा हे पाच मिनिटांचं काम प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. जिप्सीसारख्या गाडीत पुढचा सांधा नकलच्या (चाक ज्यावर वळतं त्या भागाच्या) गोल घरात बंद असतो, तिथे बूट दिसत नाही. त्या घराच्या सीलमधून गळती आहे का ते पाहायचं.

पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या त्याच आखूड शाफ्टच्या आतल्या, डिफ्रेन्शियलकडच्या टोकाचा सांधा वेगळा वागतो. तिथे अनेक गाड्यांत तीन रोलरचा, आत-बाहेर सरकणारा सांधा असतो. तो झिजला की टकटक येत नाही, तर सरळ रस्त्यावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी आडवी थरथरते आणि पाय काढला की शांत होते. रोलर तीन, म्हणून चाकाच्या एका फेरीला तीन झटके. ताशी 30 ला ते सेकंदाला साधारण 11 होतात, ऐकू कमी येतात आणि अंगाला जास्त जाणवतात. सस्पेन्शन उंच करून घेतलेल्या गाड्यांत ही थरथर नवा सांधा टाकूनही परत येते, कारण वाकाचा कोनच वाढलेला असतो.

आता मागच्या बाजूला. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चार टोकं, प्रत्येक टोकावर टोपी आणि टोपीत सुईसारखे बारीक रोलर. हे रोलर पूर्ण फेरी कधीच मारत नाहीत, काही अंशांतच पुढे-मागे डुलतात. ग्रीस संपलं की त्याच त्या जागी घासून पृष्ठभागावर रोलरच्या आकाराचे चर पडतात आणि लोखंडाची भुकटी गंजते. टोपीच्या सीलभोवती गेरूसारखी लाल पूड दिसली की तो क्रॉस संपला समजा, आवाज असो वा नसो. आवाजाची सुरुवात बहुतेकदा पक्ष्याच्या चिवचिवाटासारख्या बारीक चीं-चीं ने होते: सकाळी सोसायटीतून निघताना येते, वेगाबरोबर जलद होते आणि शाफ्टच्या फेरीला धरून असते. पुढे गियर रिव्हर्सला टाकताना धड् असा ठोका येऊ लागतो.

या ठोक्याबाबत मात्र घाई करू नये. क्लच सोडताना किंवा गियर बदलताना येणारा ठोका म्हणजे साखळीतल्या सगळ्या ढिलाईची बेरीज असते: ट्रान्सफर केसचे (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गियरपेटीचे) दात, शाफ्टची सरकती स्प्लाइन (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा जोड), क्रॉस, डिफ्रेन्शियलचे दात. लो गियरमध्ये जोर वाढतो म्हणून तोच ठोका मोठा वाटतो. गाडी सपाटीवर ठेवून, चाकांना अडण्या लावून, इंजिन बंद आणि गियर न्यूट्रल करून खाली जावं. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळावा आणि नजर क्रॉसच्या टोप्यांवर ठेवावी. योक (क्रॉसला धरणारा दुबेळका) हलतो आणि टोपी मागून हलते, असं दिसलं तर क्रॉस. टोप्या घट्ट आणि डिफ्रेन्शियलच्या तोंडचा फ्लँजच (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) थोडा फिरतो तर ढिलाई डिफ्रेन्शियलची, आणि थोडी ढिलाई तिथे नव्या गाडीतही असते. लीफ स्प्रिंगच्या (पोलादी पट्ट्यांच्या कमानीच्या) गाडीत आणखी एक नमुना दिसतो: सिग्नलला गाडी पूर्ण थांबल्यावर क्षणाने, किंवा निघताना, एकच ठोका. ब्रेकने पिळलेली स्प्रिंग सैल होते, अ‍ॅक्सल जरासा फिरतो आणि कोरडी स्प्लाइन अडकून मग एकदम सरकते. यावर उपाय बहुतेक वेळा ग्रीसगनचे चार दाब एवढाच असतो, आणि तरीही लोक यासाठी क्रॉस बदलतात.

घरघर आणि घुमणं ही दुसरी जात. नवी मुंबईच्या पाम बीच रोडसारख्या लांब, गुळगुळीत पट्ट्यावर ती ओळखता येते. चाकाचं बेअरिंग घुमत असेल तर आवाज वेगाबरोबर वाढतो, पाय काढला तरी राहतो आणि लांब डाव्या वळणावर उजवं बेअरिंग जास्त बोलतं, कारण भार तिकडे जातो. क्राउन-पिनिअनचा आवाज याउलट पायाच्या दाबाला ऐकतो: जोर देताना येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट. वरच्याच उदाहरणात ताशी 60 ला शाफ्टच्या 29.6 फेऱ्या आणि पिनिअनचे 10 दात, म्हणजे सेकंदाला सुमारे 295 टकरा. हार्मोनियमवर हा सूर पांढरी दोनच्या जवळ येतो. मोबाइलवरच्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये शिखर 295 च्या आसपास आलं आणि वेगाबरोबर सरकलं, तर दात बोलताहेत. 59 ला आलं तर शाफ्टचा फेरीतून दोनदा येणारा, म्हणजे क्रॉसच्या वाकाचा. 7 च्या जवळपास असेल तर चाक.

घुमणारं डिफ्रेन्शियल पावसाळ्यानंतर दिसलं तर आधी तेल पाहावं. डिफ्रेन्शियलचं तापलेलं घर थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा येण्या-जाण्याचं भोक) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ झालेलं असेल तर बदलावं. दात खराब झालेले नसतील तर आवाज तेवढ्यावर थांबू शकतो.

एक आवाज मात्र बिघाडाचा नसतो, आणि नव्या मालकांना तोच सर्वात घाबरवतो. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच लावायची, फोर-व्हील ड्राइव्ह लावून कोरड्या डांबरावर वळलं की गाडी कुथते, अडखळते, टायर किंचाळतात. व्हीलबेस 2.45 मीटर धरा, थारइतका. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य 5 मीटर त्रिज्येने काटकोनात वळला तर 7.85 मीटर जातो, पुढचा 8.75 मीटर. 90 सेंटिमीटरचा हा फरक ट्रान्सफर केसला सोडवता येत नाही, कारण पुढचा-मागचा शाफ्ट तिथे एकत्र बांधलेला आहे. मग टायर घसरतो तरी किंवा शाफ्ट पिळला जातो. चिखलात आणि खडीत टायर सहज घसरतो, म्हणून तिथे आवाज येत नाही. कोरड्या रस्त्यावर टू-व्हीलवर यावं, आणि लीव्हर अडला तर गाडी थोडी मागे घेऊन पिळ सोडवावा.

गाडी उचलून, चाकं हवेत फिरवून आवाज ऐकण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. तिचा फारसा भरवसा धरू नये. लटकत्या सस्पेन्शनने सांध्यांचे कोन वाढतात आणि धडधाकट शाफ्टही थरथरतो. भार नसल्यामुळे झिजलेली गोळी मुकी राहते. शिवाय ट्रान्सफर केस फोर-व्हीलमध्ये असताना एकच अ‍ॅक्सल उचलून इंजिन चालवलं, तर जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ढकलून देऊ शकतात.

आणि शाफ्ट उतरवायची वेळ आलीच, तर उतरवण्याआधी योक, स्प्लाइन आणि फ्लँज या सगळ्यांवर रंगाची एकेक रेघ ओढून घ्यायला मिस्त्रीला सांगा. दोन टोकांचे क्रॉस एकमेकांची वेगातली चूक खोडतात ते दोन्ही योक एकाच पातळीत असतील आणि दोन्ही कोन सारखे असतील तेव्हाच. स्प्लाइन एका दाताने जरी सरकून बसली, तरी नवे कोरे क्रॉस टाकलेली गाडी महामार्गावर थरथरू लागते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.