गिदोनाचे ते ३०० जण निवडक वीर होते का?

रविवारच्या प्रवचनात हे हमखास ऐकायला मिळतं: मिद्यानी शत्रूंशी लढलेला इस्राएली पुढारी गिदोन याच्या ज्या ३०० माणसांनी ओंजळीने पाणी प्यायलं, ती सावध आणि कसलेली होती, गुडघे टेकून पिणारे बेसावध, म्हणून त्यांना घरी पाठवलं. ऐकायला पटतं, पण बायबलमधल्या शास्ते ग्रंथाच्या ७व्या अध्यायात असं कुठेच म्हटलेलं नाही.

तिथे कारण वचन २ मध्येच स्पष्ट दिलंय. देव म्हणतो: लोक जास्त आहेत, 'माझ्याच हाताने मी वाचलो' अशी बढाई इस्राएल मारेल. म्हणून ३२,००० पैकी भ्यालेले २२,००० परत गेले आणि हरोद झऱ्यापाशी पाणी पिण्याच्या पद्धतीवरून १०,००० चे ३०० उरले. पाणी पिण्याच्या पद्धतीचा अर्थ मात्र ग्रंथ सांगत नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस तर उलट म्हणतो, की निवडले गेले ते घाबरट होते!

मला स्वतःला हल्ल्याच्या त्या रात्रीचं वर्णन सर्वात बोलकं वाटतं. डाव्या हातात दिवटी, उजव्या हातात रणशिंग. मग तलवार धरायला हात कुठे उरला? दिवट्या झाकणारी मडकी फुटली, उजेड पसरला, शिंगं वाजली आणि मिद्यानी छावणीत आपसातच कापाकापी सुरू झाली. आणि गिदोन? हल्ल्याआधी तोही भ्यालेलाच होता. शत्रूच्या तंबूवर जवाची भाकर गडगडत येऊन आदळल्याचं एका शिपायाचं स्वप्न त्याने चोरून ऐकलं, तेव्हा कुठे त्याला धीर आला.