मेकअपखाली खनिज सनस्क्रीन का बिघडते?

खनिज सनस्क्रीन मेकअपखाली नीट बसत नाही, या एका तक्रारीत खरे तर दोन तक्रारी मिसळलेल्या असतात. चेहरा पांढुरका किंवा राखाडी दिसतो, ही पहिली. आणि फाउंडेशन पसरवू लागताच खालच्या थराच्या, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या, बारीक वळ्या निघू लागतात, ही दुसरी. पहिलीचे कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे, तर दुसरीचे त्वचेवर वाळणाऱ्या थराच्या घडणीत. त्यामुळे एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडतोच असे नाही, आणि एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा या दोहोंपैकी कशाबद्दलच काही सांगत नाही.

खनिज सनस्क्रीनमधील कामाचे घटक दोनच: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे घटक सूर्यकिरण आरशासारखे परतवून लावतात, असे सर्रास सांगितले जाते, पण ते फारसे खरे नाही. दोन्ही पदार्थ अर्धवाहक (सेमीकंडक्टर) असून अतिनील किरण ते मुख्यतः शोषून घेतात. परावर्तित होणारा भाग जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास असतो. झिंक ऑक्साइडचे शोषण सुमारे 370 ते 380 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत प्रभावी राहते, म्हणून यूव्हीए, म्हणजे लांब तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या, पट्ट्यात ते अधिक भरवशाचे ठरते. मग चेहरा पांढरा का पडतो? कारण हेच कण दृश्य प्रकाश शोषत नाहीत, तर विखुरतात. त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा (झिंक ऑक्साइडचा सुमारे 2, टायटॅनियम डायऑक्साइडचा 2.5 ते 2.7) भोवतालच्या तेलाच्या सुमारे 1.4 ते 1.5 या अपवर्तनांकापेक्षा बराच जास्त असतो. त्यातही टायटॅनियम डायऑक्साइडचे 200 ते 300 नॅनोमीटर आकाराचे कण दृश्य प्रकाश सर्वाधिक विखुरतात, आणि म्हणूनच भिंतींच्या वगैरे पांढऱ्या रंगात नेमके तेच वापरतात. थोडक्यात, पांढरेपणा ही संरक्षणाची खूण नव्हे.

कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान केले की पांढरेपणा झपाट्याने उतरतो. मात्र इतके बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे पुंजके तयार करतात, आणि चांगल्या व सुमार उत्पादनातला फरक बहुधा इथेच पडतो. कणांवर सिलिका, अॅल्युमिना किंवा सिलिकोनचे आवरण चढवून ते तेलात सुटे ठेवता आले, तर त्याच प्रमाणातले झिंक ऑक्साइड कमी पांढरे दिसते आणि संरक्षणही जास्त देते. यालाही मर्यादा आहे: टायटॅनियम डायऑक्साइड फार बारीक केले की त्याचे यूव्हीए संरक्षण घटते.

सावळ्या किंवा गडद त्वचेसाठी माझा कल निःसंशय रंगछटा असलेल्या सनस्क्रीनकडे आहे. त्यातील लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड (लोहाची रंगद्रव्ये) पांढुरकेपणा झाकतेच, शिवाय दृश्य प्रकाशाचा, विशेषतः निळ्या भागाचा, काही हिस्सा अडवते. वांग किंवा काळे डाग असणाऱ्यांना याचा खरा उपयोग होतो, कारण गडद त्वचेत दृश्य प्रकाशानेही रंगद्रव्य वाढते. अशा छटेवर फाउंडेशनही कमी लागते.

आता वळ्यांकडे. बहुतेक सनस्क्रीन म्हणजे पाणी आणि तेल यांचे इमल्शन, म्हणजे एकजीव मिश्रण. पाणी उडून गेल्यावर मागे तेल, सिलिकोन, थर धरून ठेवणारे पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) आणि पुष्कळशी पूड उरते. केवळ झिंक ऑक्साइडवर चालणाऱ्या क्रीममध्ये त्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास असू शकते. हा थर पुरता वाळण्याआधी त्यावर ब्रश घासला, तर तो त्वचेवरून सुटतो आणि स्वतःभोवती गुंडाळला जातो. खाली कार्बोमर, म्हणजे घट्टपणा आणणारे पॉलिमर, असलेले जेल किंवा सीरम असेल तर धोका वाढतो, कारण झिंकचे आयन (विद्युतभारित कण) कार्बोमरच्या साखळ्यांना बांधून त्याच्या गुठळ्या करू शकतात. म्हणून खाली एकच हलके मॉइश्चरायझर लावावे, सनस्क्रीन दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यावे आणि फाउंडेशन न घासता ओलसर स्पंजने थोपटून बसवावे. सिलिकोनप्रधान थरावर पाणीदार फाउंडेशन थेंबाथेंबाने फुटते, तेव्हा दोहोंचा आधार, पाणी किंवा सिलिकोन, शक्यतो सारखा असावा. ट्यूब निवडताना जबड्याच्या कडेला हीच जोडी लावून पाहावी, आणि ती दिवसाउजेडी पाहावी.

वळ्या टाळण्यासाठी सनस्क्रीनच कमी लावणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. वेष्टनावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतक्या थरावर मोजलेला असतो. थर निम्मा केला की संरक्षण बरेच खाली येते. एकदम जाड थर बसत नसेल, तर तेवढेच प्रमाण दोन पातळ थरांत लावावे. सनस्क्रीन फाउंडेशनमध्ये कालवणे मात्र टाळावे, कारण त्यामुळे प्रमाण तर घटतेच, पण कणांचा सलग थरही मोडतो. फाउंडेशनवर छापलेला एसपीएफ सनस्क्रीनच्या आकड्यात मिळवता येत नाही.

उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा सनस्क्रीन लावायचे, हा नियम मेकअपवर पाळणे अवघड आहे. एसपीएफ असलेली पावडर सोयीची असली तरी मोजणीइतका थर मिळवण्यासाठी ती इतकी थापावी लागेल की मेकअप उरणारच नाही. त्यापेक्षा टिश्यूने तेल टिपून घेऊन रंगछटेचे सनस्क्रीन स्पंजने थोपटत लावणे बरे, आणि तेही जमणार नसेल तर रुंद काठाची टोपी घालावी.